खोली भाड्याची, हक्क आपला : जळगाव-धुळ्यातील भाडेकरूंनी काय लक्षात ठेवावे?

निकाल लागले की चोपडा, यावल, साक्री, शिरपूरकडची आपली मुलं-मुली जळगाव-धुळ्यात खोली शोधायला लागतात. एमआयडीसीत कामाला येणारी कुटुंबंही घर शोधत असतात. घर पसंत पडते, भाडे ठरते आणि मग प्रश्न येतो, "आडनाव काय?" १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना आणि पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले. शंभर वर्षे उलटली तरी हा प्रश्न संपलेला नाही. फरक एवढाच की आज आपल्या हातात कायदा आहे. तो माहीत नसल्यामुळे आपण घरमालकाच्या तोंडी दमाला घाबरून रातोरात खोली सोडतो. म्हणून हा लेख.

करार कोणता, ते आधी पाहा

आपल्याकडे घर दोन प्रकारे दिले जाते. एक, भाडेकरार. दुसरा, ११ महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स'. विद्यार्थ्यांचे करार बहुधा दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यात मुदत संपली की घर सोडावे लागते. तरीही राहिलो तर दुप्पट भाडे द्यावे लागू शकते. मात्र तेव्हाही मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. सामान रस्त्यावर फेकण्याचा अधिकार त्याला नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार दोन्ही करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. "११ महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" हे म्हणणे चुकीचे आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे.

भाडेकरूचे मुख्य हक्क

१. भाड्याची पावती मिळालीच पाहिजे (कलम २६). पावती देत नसेल तर भाडे आणि डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

२. मालकाने पाणी, वीज तोडू नये (कलम २९). तोडल्यास दिवाणी न्यायालयात अर्ज करून जोडणी परत मिळवता येते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

३. दुरुस्ती मालकाने करायची (कलम १४). लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांत केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश.

४. भाडे थकले म्हणून लगेच घराबाहेर काढता येत नाही (कलम १५). लेखी नोटिशीनंतर ९० दिवस गेल्याशिवाय त्या कारणावरून दावा लावता येत नाही.

हक्क सांगताना कर्तव्यही सांगितले पाहिजे. भाडे वेळेवर द्या. भांडण झाले म्हणून भाडे थांबवणे ही आपलीच बाजू कमकुवत करणारी गोष्ट आहे. मालक भाडे घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा आणि नाकारल्याचा कागद जपून ठेवा.

वाद झाला तर

पहिली पायरी बोलणी. वस्तीतले दोन जाणते सोबत न्या. जमले नाही तर सर्व लेखी करा. खोली घेताना आणि सोडताना मोबाईलवर फोटो काढा. डिपॉझिटच्या वादात तेच कामी येतात. कुलूप लावून बाहेर काढले तर पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. "हे दिवाणी प्रकरण आहे" असे सांगून परत पाठवले, तर जबरदस्तीने ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत न्यायालयात ताबा परत मागता येतो.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. जळगाव आणि धुळे येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

जातीचा प्रश्न आला तर

चारचौघांत जातीवरून शिवीगाळ किंवा अपमान झाला, किंवा बेकायदा घराबाहेर काढले, तर अॅट्रॉसिटी कायदा, १९८९ लागू होऊ शकतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्या वस्तीत राहू न देणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ नुसार गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध बांधवांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे. फक्त जातीचा दाखला तयार ठेवा. "खोली दुसऱ्याला दिली" असे गोड बोलून नकार दिला तर सिद्ध करणे अवघड जाते, हे खरे. म्हणून मेसेज, कॉल आणि साक्षीदार महत्त्वाचे.

दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले होते ते न्यायालयातल्या कामासाठी, वकील म्हणून. त्या अभिवादनासोबत प्रत्येक विहारात, प्रत्येक वसतिगृहात महिन्यातून एकदा कायदा वाचनाची बैठक व्हावी, एवढीच आमची विनंती. नव्याने शहरात आलेल्या पोराला करारातली एक ओळ समजावून सांगितली, तरी त्याला रातोरात खोली सोडावी लागणार नाही.

जय भीम!