संगणक कोरा झाल्यानंतरची लेबले

गेल्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावाने आमच्या महागाव येथील चिकित्सालयातील संगणक बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने विंडोज नव्याने बसविली. रुग्णपत्रे व लेबले त्याने आधीच वेगळी काढून ठेवली होती, हे आमचे भाग्य. परंतु लेबलांची फाइल उघडली, तो ‘त्रिभुवनकीर्ती रस’ या नावाच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी! फाइल नासली असे समजून आम्ही ती पुन्हा टंकित करावयासही बसलो होतो. तसे करण्याचे कारण नव्हते. अनेक वैद्यबंधूंचे व औषधविक्रेत्यांचे जुने लेखन अशाच फाइलींत असल्याने हा विषय येथे मांडत आहोत.

श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या फाइलीत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे साठविलेली नसतात. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात व ते दाखविण्याचे काम तो विशिष्ट फॉन्ट करतो. फॉन्ट गेला की खालचे संकेत उघडे पडतात, इतकेच. अक्षरे निवडून ‘मंगल’ फॉन्ट दिल्यानेही उपयोग होत नाही, कारण मंगल हा युनिकोडचा फॉन्ट आहे. मूळ फॉन्ट पुन्हा बसविला की मजकूर जसाच्या तसा दिसू लागतो.

असे सॉफ्टवेअर कुलपासह, म्हणजे डोंगलसह, घेतलेले असेल तर बहुतेक कुलपांच्या बाबतीत आधी त्याचा ड्रायव्हर बसवावा व नंतरच कुलूप यूएसबीत लावावे. उलट क्रम झाला की कुलूप असूनही ‘कुलूप सापडत नाही’ असा संदेश येत राहतो. प्रिंटरच्या जुन्या पोर्टात लावावयाचे कुलूप असल्यास नव्या संगणकावर ते लावण्यास जागाच नसते; तेव्हा विक्रेत्याकडून बदलून घेणे भाग पडते.

वर्डचा परवाना ही निराळी गोष्ट. डब्यावरील पंचवीस अक्षरांची किल्ली भरली म्हणजे काम संपले असे नाही. ती त्या यंत्राशी जोडली जाणे, म्हणजे ॲक्टिव्हेशन, राहिलेले असते. ते न झाल्यास काही काळाने फाइल उघडते, छापताही येते, पण बदल करता येत नाही. त्याच यंत्रावर पुन्हा बसविल्यास सहसा अडचण येत नाही. मदरबोर्ड बदललेला असेल, तर मात्र यंत्रासोबत मिळालेली प्रत नाकारली जाऊ शकते. संगणकासोबत आलेली चाचणी-प्रत आधी काढून टाकावी, अन्यथा ती आपल्या परवान्याच्या आड येते. आणि घड्याळ अवश्य पाहावे! मदरबोर्डवरील छोटा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, सुरक्षित जोडणी होत नाही आणि आपण विनाकारण किल्लीला दोष देत बसतो. आमच्याकडे नेमके हेच घडले. सेल बदलला, तारीख लावली, काम झाले.

खरा धोका सर्व काही सुरळीत दिसू लागल्यानंतरचा आहे. नव्याने बसविलेल्या वर्डमध्ये ऑटोकरेक्ट पुन्हा सुरू झालेले असते. जुन्या फॉन्टमध्ये १/२ टंकित करावे, तर वर्ड त्याचे परस्पर एकच चिन्ह करते आणि त्या संकेतावर फॉन्टमध्ये भलतेच अक्षर बसलेले असू शकते. वाक्याच्या आरंभीचे छोटे रोमन अक्षर मोठे झाले, तरी देवनागरीत वेगळाच आकार उमटतो. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे. आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाच्या मानाने एक गुंजा म्हणजे १२५ मि.ग्रॅ.; तेव्हा ‘अर्धी गुंजा’ या मात्रेतील खूण हरवणे ही केवळ शुद्धलेखनाची चूक राहत नाही. म्हणून फाइल - ऑप्शन्स - प्रूफिंग येथे जाऊन ऑटोकरेक्टच्या खुणा काढाव्यात व मात्रा अक्षरांतच लिहावी.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे इष्टच. मात्र मूळ फाइल जपून ठेवावी आणि मात्रा, बॅच क्रमांक व निर्मितीची तारीख जुन्या छापील लेबलाशी ताडून पाहावी. आम्ही हे काम दोघे मिळून करतो. एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा बोट ठेवून पाहतो. ऑफिस २०१६ व २०१९ यांना मिळणारे सुरक्षा-सुधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले असल्याने, त्या प्रती वापरणाऱ्यांनी हे काम पुढच्या बिघाडाआधीच उरकावे. फॉन्टच्या फाइली, सीडी व किल्लीची नोंद आम्ही आता परवान्याच्या मूळ पावतीसोबत एकाच पाकिटात ठेवतो.