कारखान्यातील संदेशवहनाची शिस्त

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात १९ ऑगस्ट २००६ रोजी तिसऱ्या अणुभट्टीतून पाणी फिरते ठेवणारे दोन्ही पंप बंद पडले आणि चालकांना ती भट्टी तातडीने थांबवावी लागली. चौकशीअंती आढळले, की पंपांची गती राखणारे नियंत्रक निरुत्तर झाले होते. केंद्राच्या अंतर्गत संदेशजाळ्यावर संदेशांची एवढी गर्दी झाली, की त्यांना नेमून दिलेले काम करता येईना.

स्वयंचलित कारखान्यात तापमान, दाब, पातळी मोजणारी उपकरणे, झडपा व मोटारी चालविणारे नियंत्रक आणि नियंत्रण कक्षातील संगणक अशा जाळ्याने जोडलेले असतात. पूर्वी बहुतेक उपकरणांसाठी स्वतंत्र तारा ओढाव्या लागत. १९७९ मध्ये मोडिकॉन कंपनीने 'मॉडबस' ही पद्धती आणली. तिचा नियम जुन्या शाळेतल्यासारखा होता : मुख्य नियंत्रकाने विचारावे आणि ज्याला विचारले त्यानेच उत्तर द्यावे.

पुढे कार्यालयांतील इथरनेट कारखान्यांतही आले. वेग वाढला, पण ही शिस्त सैल झाली. इथरनेटवर काही संदेश सर्वांच्या नावे निघतात व आपल्या कामाचे नसले, तरी प्रत्येक उपकरणाला ते पाहावे लागतात. एखाद्या केबलची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचला जोडली गेली, तर असा संदेश फिरतच राहतो आणि बघता बघता सारे जाळे व्यापतो. कार्यालयात पत्र दोन सेकंद उशिरा पोहोचले म्हणून कोणाचे बिघडत नाही. नियंत्रकाची कुवत मात्र बेताची, आणि त्याचे उत्तर अनेकदा काही मिलिसेकंदांत यावे लागते.

म्हणून जाळ्याचे भाग पाडणे हे व्यवस्थापनाचे पहिले काम. कार्यालयाचे संदेश यंत्रांच्या भागात शिरू नयेत यासाठी मध्ये फायरवॉल हवी, स्विचवर संदेशांना मर्यादा हवी. ब्राउन्स फेरी येथेही नंतर असाच उपाय योजण्यात आला. दुसरे काम कंटाळवाणे, आणि बहुधा म्हणूनच मागे पडणारे : जाळ्यावर कोणती उपकरणे आहेत व एरवीची रहदारी किती, याची नोंद. ती नसेल, तर गर्दी वाढली हे कळावे कसे?

मूळ मॉडबसमध्ये आदेश देणारा कोण, हे तपासण्याची सोय नाही. जाळ्यावर पोहोचलेल्या कोणत्याही संगणकाने झडप उघडण्यास सांगितले, तरी नियंत्रक ते निमूटपणे ऐकतो. अशी जुनी उपकरणे आजही वापरात आहेत. ती बदलणे शक्य नसेल, तेथे ठरावीक संगणकांखेरीज कोणालाही त्यांच्यापर्यंत पोहोचू न देणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.