वंडूरची सागरी सहल

अंदमान हे नाव महाराष्ट्रातील मुलांच्या कानी प्रथम पडते ते बहुधा इतिहासाच्या तासाला. जन्मठेपेच्या कैद्यांना ज्या 'काळ्या पाण्यावर' धाडण्यात येई, ते हेच. १९०६ साली बांधून पूर्ण झालेला तेथील सेल्युलर तुरुंग आज राष्ट्रीय स्मारक आहे, आणि पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ सालापासून ज्याला श्रीविजयपुरम म्हणतात त्या शहराला, गेलेले बहुतेक प्रवासी तो पाहिल्यावाचून परतत नाहीत. परंतु या शहरापासून रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, दक्षिण अंदमानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, वंडूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून पुढचे पाणी काळे तर नाहीच. कित्येक ठिकाणी ते इतके निर्मळ असते की, दोन पुरुष खोल असलेला तळही नावेतून स्पष्ट दिसावा.

वंडूरसमोरची १५ लहान बेटे व त्यांच्या भोवतीचा समुद्र मिळून १९८३ साली एक राष्ट्रीय उद्यान स्थापन करण्यात आले. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे नाव. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८१ चौरस किलोमीटर आहे. बागेला भिंत घालता येते, रानाला कुंपण घालता येते. समुद्राला काय घालणार? तेथे राखण करावयाची ती नियमांनीच. या बेटांवर मनुष्यवस्ती नाही, आणि पाहुण्यांना तेथे रात्री राहता येत नाही. प्रवाशांसाठी मोकळी असलेली बेटे दोनच: जॉली बॉय आणि रेड स्किन. तीही एकाच वेळी नव्हे. वर्षाचा काही काळ एक उघडे असते, तेव्हा दुसऱ्याला विश्रांती मिळते. शेतकरी जमीन पडीक ठेवून तिला विसावा देतो, तसाच हा प्रकार आहे.

सहल सकाळी लवकर निघते व दुपारी परतते. धक्क्यावर प्रवाशांचे परवाने पाहतात, आणि मग सामानाची झडती होते. झडती कशाची? शस्त्रांची नव्हे, तर प्लास्टिकची! खाऊच्या पिशव्या, वेष्टने, पाण्याच्या बाटल्या, सारे काही मागे ठेवावे लागते. पाणी न्यावयाचे तर पुन्हा वापरता येईल अशी बाटली अनामत रक्कम भरून घ्यावयाची आणि परतताना ती दाखवून रक्कम माघारी घ्यावयाची. काही प्रवाशांना हा जाच वाटतो. पण पाण्यावर तरंगणारी पातळ पिशवी समुद्री कासवाला जेलीफिशसारखी भासते, आणि जेलीफिश हे त्याचे अन्न. गिळलेली पिशवी त्याच्या आतड्यात अडकली की ते उपासमारीने मरते. धक्क्यावरच्या शिपायाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो कोणाचे आर्जव ऐकत नाही.

नाव प्रथम खाडीतून जाते. दोन्ही तीरांवर कांदळवनाची दाट भिंत असते. या झाडांची आधारमुळे खोडापासून कमानीसारखी निघून चिखलात रुततात. पावसाच्या पाण्याबरोबर डोंगरावरून येणारा गाळ या मुळांच्या जाळ्यात अडकून राहतो. तो जर तसाच समुद्रात गेला, तर बाहेरचे पाणी गढूळ होईल आणि जे पाहावयास ही मंडळी निघालेली असतात, ते गुदमरून नष्ट होईल. खाडीत खाऱ्या पाण्यातील मगरीही असतात. तेव्हा जेथे पोहण्यास परवानगी आहे तेथेच पाण्यात उतरावयाचे, ही सूचना कोणी थट्टेवारी नेऊ नये.

खाडी संपली की पाण्याचा रंग पालटतो. सुमारे तासाभरात जॉली बॉय दिसू लागते: हिरवे रान, त्याच्या पायाशी पांढऱ्या वाळूची कड, आणि वाळूला लागून फिकट हिरवे पाणी. येथे धक्का नाही. तो बांधावयाचा तर पायाखालचे प्रवाळ चिरडावे लागले असते. मोठी नाव अलीकडेच थांबते आणि तळाला काच बसविलेल्या लहान होड्यांतून मंडळी किनाऱ्याकडे जातात. ज्यांना पोहता येत नाही, त्यांना त्या काचेतूनही पुष्कळ पाहता येते. तरीही काचेच्या चौकटीतून पाहणे आणि स्वतः पाण्यात पडून पाहणे यांत फरक आहेच.

पाण्यात पडून पाहण्याच्या या रीतीला स्नॉर्केलिंग म्हणतात. तिला साधने थोडी लागतात: डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरावयाची वाकडी नळी, अंगात तरंगण्याचे जाकीट, आणि हवे असल्यास पायांत बदकाच्या पंजासारखी पादत्राणे. ही साधने दिसावयास साधी असली, तरी त्यांच्यामागे भौतिकशास्त्राचे चांगलेच धडे दडलेले आहेत.

प्रथम मुखवटा घेऊ. विहिरीत बुडी मारून डोळे उघडणाऱ्या कोणत्याही मुलाला तेथे सारे अंधुक दिसते. प्रकाशकिरण हवेतून डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात शिरताना वाकतात आणि या वाकण्यामुळेच डोळ्याच्या आतील पटलावर रेखीव प्रतिमा उमटते. परंतु तो पडदा आणि पाणी यांचा गुणधर्म जवळजवळ सारखाच असल्याने पाण्यातून येणारा किरण पुरेसा वाकत नाही, आणि प्रतिमा विसकटते. मुखवट्यामुळे डोळ्यांपुढे हवेचा एक थर राहतो व दृष्टी पुन्हा साफ होते. मात्र काचेतून जाताना किरण वाकतात, म्हणून वस्तू खऱ्यापेक्षा जवळ आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठ्या दिसतात. वीतभर मासा पाहून आलेले लोक हातभर माशाच्या गोष्टी सांगतात, त्यातला थोडा दोष काचेलाही द्यावयास हवा.

आता नळी. ती साधारणपणे ४० सेंटिमीटरच लांब असते. चौकस मुलगा विचारील, दोन मीटर लांबीची नळी घेऊन अधिक खोल का जाऊ नये? याचे उत्तर थोड्या गणिताने मिळते. माणूस सामान्यपणे एका श्वासात अर्धा लिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. २ सेंटिमीटर व्यासाच्या व ४० सेंटिमीटर लांबीच्या नळीत सुमारे १२५ मिलिलिटर हवा मावते. दोन मीटर लांबीच्या नळीत सव्वासहाशे मिलिलिटर. म्हणजे सोडलेला श्वास नळीबाहेर पडणारच नाही, आणि पुढच्या श्वासाला तीच वापरलेली हवा माघारी येईल. दुसरी अडचण याहून मोठी. एक मीटर खोलीवर शरीराच्या दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम पाण्याचा भार पडतो. २० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद छातीवर तो ४० किलो होतो! असे ओझे उचलीत श्वास घेणे क्षणभर जमेल. फार वेळ जमणार नाही. म्हणून पृष्ठभागावर पालथे तरंगत राहून खाली पाहावयाचे, हेच या नळीचे काम.

आणि खाली काय दिसते? प्रथम दृष्टीला तो दगडांचा व झुडपांचा बगीचाच वाटतो. काही ठिकाणी सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या, काही ठिकाणी थाळ्या एकावर एक रचाव्यात तसे थर, तर कोठे माणसाच्या मेंदूसारख्या वळ्या पडलेले गोल धोंडे. ही झाडे नव्हेत आणि निव्वळ दगडही नव्हेत. ते प्रवाळ होत. दागिन्यातील तांबडे पोवळे हे भूमध्य समुद्रातील त्यांचेच एक दूरचे नातलग. पुष्कळ शतके लोक पोवळ्याला वनस्पती मानीत. ते प्राण्यांचे घर आहे, हे अठराव्या शतकात पेसोनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले, तेव्हा विद्वानांनी प्रथम त्यावर विश्वास ठेवला नाही.

हे प्राणी बहुधा तांदळाच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे असतात. जुन्या पुस्तकांत त्यांना 'प्रवाळकीटक' म्हणत, पण ते कीटक नव्हेत. जेलीफिशचे ते भाऊबंद. समुद्रातील चुना घेऊन प्रत्येक जीव आपल्या बुडाशी एक कठीण वाटी घडवितो. अशा लक्षावधी वाट्या एकमेकींना चिकटून प्रवाळाचा खडक होतो. फांद्यांचे प्रवाळ वर्षाकाठी १० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. गोल धोंड्यासारखे प्रवाळ जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे एक मीटर जाडीचा धोंडा पायाखाली मोडला, तर मोडणाऱ्याच्या आजोबांच्या जन्मापूर्वीपासून चाललेले काम एका क्षणात फुकट गेले. दमलेल्या माणसाला पाण्यात कोठेतरी पाय टेकावेसे वाटतात, आणि नेमका तेव्हाच हा घात होतो. म्हणून वाटाडे पुनःपुन्हा बजावतात: दमलात तर उताणे व्हा, उभे राहू नका. पायांनी वाळू ढवळणेही वाईटच. ती प्रवाळावर बसते आणि अंग झाडण्यात त्या जीवांची शक्ती खर्च होते.

प्रवाळाच्या आश्रयाने मोठा संसार चालतो. समुद्रतळाचा शंभरावा हिस्साही प्रवाळांनी व्यापलेला नाही. परंतु समुद्रातील जीवजातींपैकी अंदाजे एक चतुर्थांश जातींना तेथे आसरा मिळतो. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा समुद्रफुलाच्या विषारी तंतूंत निर्धास्तपणे राहतो. त्याच्या अंगावरील चिकट लेपामुळे त्याला दंश होत नाही. पोपटमासा तर ऐकूही येतो. आपल्या चोचीसारख्या दातांनी तो खडकावरचे शैवाल कुरतडतो, तेव्हा पाण्यात कुर्रकुर्र असा आवाज होतो. शैवालाबरोबर पोटात गेलेला चुनखडक दळला जाऊन शेवटी वाळू होऊन बाहेर पडतो. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशा रीतीने तयार करू शकतो. ज्या शुभ्र वाळूत मुले किल्ले बांधतात, तिचा बराच भाग माशांच्या पोटातून आलेला असतो, हे त्यांना सांगितले तर ती आनंदाने किंचाळतात आणि पुन्हा बांधावयास लागतात.

प्रवाळाचे रंग मात्र बहुतांशी त्याचे स्वतःचे नसतात. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातले बरेचसे यजमानाला देते. म्हणूनच प्रवाळाला उथळ व स्वच्छ पाणी लागते. ही भागीदारी फार नाजूक आहे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तपमानापेक्षा पाणी एखादाच अंश अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकते व पांढरेफटक पडते. पाणी वेळीच निवले तर शैवाल परत येते; न निवले तर प्रवाळ उपाशी मरते. २०१० सालच्या उन्हाळ्यात अंदमानच्या समुद्रात हेच घडले आणि पुष्कळ प्रवाळ गेले. २०१६ साली पुन्हा तसाच उष्मा झाला. धक्क्यावर पिशव्या तपासणारा शिपाई प्लास्टिक अडवू शकतो. समुद्राचा ताप त्याला कसा अडविता यावा? तो ताप जगभरच्या कारखान्यांच्या, वाहनांच्या धुरातून येतो. मग बेटाला आळीपाळीने विश्रांती देऊन लाभ काय, असे कोणी म्हणेल. लाभ इतकाच की, जखमी झालेल्या प्रवाळावर निदान पाय तरी पडत नाही. आजारी माणसाला बरे होण्यास स्वस्थता लागते, तशी त्यालाही लागते.

निसर्गाचे तडाखे निराळेच. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ प्रचंड भूकंप झाला व त्सुनामीच्या लाटा अंदमानावर येऊन आदळल्या. त्या वेळी अंदमानची भूमीच कलली. उत्तरेकडील पश्चिम किनारा वर उचलला गेला आणि तेथील प्रवाळ पाण्याबाहेर येऊन उन्हात मेले. पोर्ट ब्लेअरचा परिसर मात्र सुमारे एक मीटर खचला व शहरालगतच्या भातशेतीत समुद्र शिरला.

किनाऱ्यावर येताच बहुतेकांचे हात शंख वेचू लागतात. कायद्याने तेथून काहीही नेता येत नाही. २००१ सालापासून खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना वाघाइतकेच कडक संरक्षण आहे, मग तो मेलेला तुकडा का असेना. रिकामा शंख तरी कोणाच्या कामाचा, असे वाटते. पण वाळूवर क्षणभर निश्चल बसले की एखादा शंख चालू लागतो! त्यात एक खेकडा असतो. त्याचे पोट मऊ, त्याला स्वतःचे कवच नाही. तो मोठा होतो तसतसे त्याला मोठे रिकामे शंख शोधावे लागतात. शंखांची टंचाई झाली, की हा खेकडा उघड्यावर पडतो.

असे पाणी पाहण्यासाठी अंदमानलाच जावे लागते असे नाही. मालवणजवळ, छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्याची उभारणी आरंभिली त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. १९८७ साली तो भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेथील पाणी अंदमानइतके निवळ नाही, हे खरे. पण नळी, मुखवटा आणि नियम तेच.

दुपार कलू लागली की जॉली बॉयवर शिटी वाजते. माणसे मोजली जातात, बाटल्या मोजल्या जातात. होड्या मोठ्या नावेला लागतात आणि नाव खाडीकडे वळते. बेट मोकळे होते. अंधार पडल्यावर पोपटमासे खडकाच्या कपारीत शिरून निजतात. आणि दिवसभर आपापल्या वाटीत अंग चोरून बसलेले प्रवाळजीव बाहेर येतात व इवलेसे तंतू पसरून पाण्याबरोबर वाहत येणारे भक्ष्य टिपू लागतात.