मिडी : संहिता आणि प्रयोग

सिंथेसायझरची कळ दाबली असता, १९८३ साली प्रचारात आलेल्या मिडी या संकेतप्रणालीद्वारे संगणकाकडे ध्वनी जात नाही; जाते ती केवळ आज्ञा : कोणती कळ, केव्हा, किती वेगाने दाबली. मधला ‘सी’ म्हणजे ६०. प्रत्यक्ष ध्वनी स्वतंत्रपणे मुद्रित करावा लागतो. संगणकातील नोंद अशा रीतीने संहिताच ठरते. तीच नोंद दुसऱ्या वाद्याकडे पाठवली की प्रयोग बदलतो.

मींड मात्र या संहितेत सहजी मावत नाही. स्वर वाकविण्याच्या संकेताला १६,३८४ पायऱ्या असूनही तो एका वाहिनीवरील सर्वच स्वरांना एकदम ओढतो. षड्ज स्थिर राखून (आपल्या संगीताची ही किमान अपेक्षा) गंधाराकडे सरकायचे, तर षड्जाला निराळी वाहिनी द्यावी लागते.