निशिगंध: स्त्रियांचे व्यसनमुक्ती घर

निशिगंध हा पुण्यात येरवडा येथील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा स्त्रियांसाठीचा निवासी विभाग. मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले, निशिगंध २००९ मध्ये. मधली दोन दशके या विभागाच्या इतिहासाचाच भाग आहेत.

लेखक अनिल अवचट यांची गर्द या अमली पदार्थावरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभे केले. १९९७ मध्ये डॉ. अनिता यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली. या काळात केंद्रात येणारी बाई ही पेशंटची बायको किंवा आई असे, आणि ‘सहचरी’ हा गट तिच्यासाठी होता. ती स्वतः पीत असेल, ही शक्यता घरचेच उच्चारत नसत. अमेरिकेतही हेझल्डन हे केंद्र १९४९ मध्ये पुरुषांसाठी निघाले, तर त्याचा स्त्रियांचा विभाग १९५६ मध्ये.

स्वतंत्र जागेची कारणे शारीरिकही आहेत. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूचा परिणाम तिच्यावर अधिक होतो, यकृतही लवकर बिघडते. पण मोठे कारण लाज. मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांकडे झालेले दुर्लक्ष हे पुरुषांच्या गटात बोलणे बहुतेकींना अशक्यच. सुरुवातीचे दिवस औषधोपचारांचे, कारण एकदम दारू तोडल्यावर थरथर, झटके, भ्रम असे त्रास होऊ शकतात. खरे काम त्यानंतर सुरू होते: समुपदेशन, गटचर्चा, ठरलेली दिनचर्या.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून इथवरचा रस्ता पुरुषाला सोपा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला. खाडे वाढले की दारूची चौकशी होते आणि कामगार उपचारांना पाठवला जातो. कंत्राटावर पॅकिंग करणाऱ्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईचे खाडे पडले, तर तिच्या जागी दुसरी येते. तिच्या तंबाखूच्या मिश्रीला तर कोणी व्यसनही म्हणत नाही.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील १.६ टक्के स्त्रिया दारू पितात, पुरुष २७.३ टक्के. हा आकडा लहान म्हणून सोय न करणे अन्यायाचे आहे. त्यातही नवरा व्यसनी झाला तर बायको त्याला दाखल करायला आणते. पण बाईला आणणारी बहुधा आई, बहीण किंवा मोठी मुलगी असते. म्हणून उपचार संपल्यावरच्या पाठपुराव्यात सासर-माहेर दोन्हीकडच्या माणसांना बोलवावे लागते, आणि नवराही पिणारा असेल तर त्याच्या उपचारांचा विषय तिथेच काढावा लागतो.