बुद्ध्यांक ८२ : कधीचा, कशाने मोजलेला?

स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणाच्या फाइलमध्ये बऱ्याचदा मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल असतो आणि त्याच्या तळाशी एक आकडा. समजा, बुद्ध्यांक ८२. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलाच्या आईवडिलांना हा आकडा निदानाइतकाच हादरवून टाकतो. ‘म्हणजे आता याची बुद्धी गेली का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. पुढे शिक्षण, नोकरी, लग्न असा कुठलाही विषय निघाला की तोच आकडा कुणीतरी पुढे करतो. म्हणून तो कुठून आला, किती पक्का आहे आणि नेमके काय सांगतो, हे घरच्यांना ठाऊक असायलाच हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एकाला. भास आणि संशय ही त्याची ठळक लक्षणे. पण लक्ष, स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग यांनाही तो धक्का लावतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी हा आजार ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हणजे अकाली बुद्धिभ्रंश या नावाने मांडला. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांना ते पटले नाही. प्रत्येक रुग्णाची बुद्धी ढासळत नाही, हे त्यांनी वॉर्डात पाहिले होते. १९०८ मध्ये त्यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव सुचवले. आजवरच्या संशोधनाचा कौल असा : रुग्णांचे सरासरी गुण समवयस्कांपेक्षा साधारण १५ अंकांनी कमी येतात, पण जवळपास चौथा हिस्सा रुग्णांची कामगिरी सर्वसामान्य पातळीवरच राहते. समूहाची सरासरी हाती असली, तरी समोर बसलेल्या एका माणसाबद्दल ती फार थोडे सांगते.

१२० सेकंदांची परीक्षा

प्रौढांची बुद्धी मोजण्याची सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी डेव्हिड वेक्सलर यांची. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम करताना त्यांनी १९३९ मध्ये तिची पहिली आवृत्ती काढली. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप, १५ ही तिची मोजपट्टी. शब्दांचे अर्थ, सामान्य माहिती, ठोकळ्यांची नक्षी, उलटे-सुलटे अंक म्हणणे अशा अनेक उपचाचण्यांचे गुण एकत्र करून बुद्ध्यांक निघतो.

यातली एक उपचाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. कागदाच्या वरच्या बाजूला १ ते ९ हे अंक आणि प्रत्येक अंकासाठी एक साधी खूण छापलेली असते. खाली अंकांच्या ओळी आणि प्रत्येक अंकाखाली रिकामा चौकोन. १२० सेकंदांत ओळीने जमतील तेवढ्या चौकोनांत योग्य ती खूण काढायची. सर्वसाधारण माणसाला थोड्याच वेळात काही जोड्या पाठ होतात आणि मान वर करावी लागत नाही. आजारातून सावरत असलेल्या रुग्णाची नजर मात्र दर खेपेला वर जाते, खाली येताना ओळ शोधते, पेन्सिल क्षणभर थबकते. भरलेले चौकोन बहुतेक बरोबरच असतात. पण वेळ संपते तेव्हा ते थोडेच असतात. २००७ मध्ये ड्वाइट डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी ३७ अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले. स्किझोफ्रेनियात सर्वांत मोठी तूट याच साध्या दिसणाऱ्या चाचणीत आढळली, दीड प्रमाण विचलनाहूनही जास्त.

त्याच माणसाला शब्दांचे अर्थ विचारले, तर तो वयाला साजेशी उत्तरे देऊ शकतो. हे दोन गुण एकत्र मिसळून काढलेला एकच बुद्ध्यांक दोन्ही गोष्टी झाकून टाकतो. म्हणून अहवालात एकूण आकड्याच्या आधी उपचाचण्यांचे गुण वाचावेत.

चाचणी कधी घेतली?

मानसशास्त्रात चाचणीला दोन कसोट्या लावतात. पुन्हा मोजले तरी साधारण तेच उत्तर यावे, ही विश्वसनीयता. आणि जे मोजायचे आहे तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. पहिली पार पडली म्हणजे दुसरी आपोआप पार पडत नाही. कानात आवाज सुरू असताना, औषधाने हात थरथरत असताना, तीन रात्री झोप नसताना चाचणी घेतली, तर कमी गुण येतील. तीच परिस्थिती कायम राहिली, तर पुन्हा घेतल्यावरही कमीच येतील. आकडा स्थिर दिसेल, पण त्यात बुद्धीपेक्षा आवाज, थरथर आणि झोप यांचेच माप जास्त असेल. फणफणत्या तापात कुणाची धावण्याची परीक्षा घेत नाहीत. इथेही लक्षणे ओसरून औषधांचा डोस स्थिरावेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे.

औषधांपैकी एकाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. स्किझोफ्रेनियाच्या औषधांनी हातपाय ताठरले किंवा थरथरू लागले की ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी दिली जाते. स्मरणशक्तीला लागणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचे काम ती अडवते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११००हून अधिक रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात, अशा परिणामाच्या औषधांचा एकत्रित भार जितका जास्त, तितकी बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी कमी दिसली. म्हणून अहवालावर चाचणीच्या दिवशीची औषधे नोंदवलेली असावीत. मात्र कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. तिची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

इच्छाशक्ती मावळणे हे तर या आजाराचेच एक लक्षण. मधेच उमेद संपली की ‘येत नाही’ आणि ‘करावेसे वाटत नाही’ यांत फरक करणे अवघड होते. अनुभवी मानसशास्त्रज्ञ चाचणी दोन-तीन बैठकांत विभागतात, विश्रांती देतात आणि रुग्ण कसा वागला हेही लिहून ठेवतात. वेळ वाचवण्यासाठी छोट्या आवृत्त्याही आहेत. २००० मध्ये अमेरिकी संशोधकांनी खास स्किझोफ्रेनियासाठी वेक्सलर चाचणीतल्या चारच उपचाचण्या निवडल्या : सामान्य माहिती, ठोकळे, अंकगणित आणि वर सांगितलेली अंक-खुणांची.

आधी किती होती?

आकडा घसरला, असे म्हणायचे तर आधीचा आकडा हवा. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांची बुद्धी लहानपणी ७, ९, ११ आणि १३ व्या वर्षी व पुढे ३८ व्या वर्षी मोजली गेली. त्यातल्या ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, त्यांचे गुण विचारांचा वेग, नवे शिकणे आणि नियोजन यांत घसरलेले दिसले. भाषिक क्षमता मात्र फारशी घसरली नव्हती. अशी जुनी मोजमापे आपल्याकडे क्वचितच असतात.

इंग्लंडमध्ये यावर एक युक्ती निघाली. हेझल नेल्सन यांच्या १९८२ च्या वाचन चाचणीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसलेले ५० इंग्रजी शब्द वाचायला देतात. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दात ‘बी’ लिहितात, उच्चारत नाहीत; पूर्वी शिकलेला माणूसच तो बरोबर वाचतो आणि आजारातही ही शिदोरी बरीचशी टिकते. मराठीत ही युक्ती चालत नाही. देवनागरीत बहुतांशी लिहिले तसे वाचले जाते. अक्षरओळख असलेला कुणीही अनोळखी शब्दसुद्धा वाचून दाखवेल. त्यामुळे इथे शाळेच्या गुणपत्रिका, आधी केलेले काम आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत यांवर भिस्त ठेवावी लागते.

दुसरी अडचण निकषांची, म्हणजे ज्या लोकांच्या गुणांशी तुलना करून बुद्ध्यांक काढतात त्यांच्या आकड्यांची. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड रूप १९३०च्या दशकात केले. सी. एम. भाटिया यांची भाषेवर कमी अवलंबून असलेली चाचणी १९५५ ची, आणि तिचे मूळ निकष उत्तर प्रदेशातल्या ११ ते १६ वर्षांच्या मुलग्यांवरून काढलेले. विसाव्या शतकात अनेक देशांत चाचण्यांतले सरासरी गुण दशकाला सुमारे ३ अंकांनी वाढत गेले. जुन्या निकषांवर मोजले की गुण फुगतात आणि खरी घसरण लपते. आजच्या मराठी प्रौढांचे निकष तयार करणे, हे आपल्या विद्यापीठांनी हाती घ्यावे असे काम आहे.

आकडा नव्हे, पट्टा

कुठलेही मोजमाप चुकीच्या मर्यादेसह येते. ज्या चाचणीची विश्वसनीयता ०.९० आहे, तिच्यात १५ च्या प्रमाण विचलनावर मापनाची प्रमाण चूक सुमारे ४.७ अंक निघते. म्हणजे ८२ या आकड्याचा ९५ टक्के खात्रीचा पट्टा साधारण ७३ ते ९१. ‘सीमारेषेवर’, ‘सरासरीपेक्षा कमी’ आणि ‘सरासरी’ या तिन्ही शेऱ्यांना तो पट्टा शिवतो.

पुन्हा चाचणी घेताना सरावाचाही हिशेब ठेवावा लागतो. टेरी गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, औषध सुरू केल्यावर रुग्णांचे गुण वाढले. पण औषध न घेणाऱ्या निरोगी लोकांचेही, पुन्हा तीच चाचणी दिल्यामुळे, जवळपास तेवढेच वाढले. म्हणून दोन चाचण्यांत पुरेसे अंतर हवे आणि शक्य तिथे समांतर प्रश्नसंच हवा.

एवढी काटेकोर उठाठेव करायची, कारण मोजमाप उपयोगाचे आहे. रुग्ण नोकरी करील का, स्वतंत्र राहील का, हे भासांपेक्षा लक्ष आणि स्मरणशक्तीवर अधिक अवलंबून असते, असे मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्येच दाखवले. त्यातूनच अमेरिकेत सात बौद्धिक क्षेत्रे आणि दहा चाचण्या असलेला खास संच तयार झाला. कुठे कमी पडते ते कळले, की तिथे सराव देता येतो. अशा बौद्धिक पुनर्प्रशिक्षणाचा फायदा होतो, विशेषतः पुनर्वसनाची जोड दिली तर. आणि आपल्याकडे स्किझोफ्रेनियाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांक लागत नाही. ‘आयडियाज’ या मोजपट्टीवर स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व आकलन आणि काम ही चार क्षेत्रे तपासतात.

पुण्या-ठाण्याच्या आधारगटांत आजार झालेल्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शुभंकरांना विनंती एवढीच : अहवाल हाती आला की चार प्रश्न विचारा. चाचणी कोणती आणि तिचे निकष कधीचे? त्या दिवशी लक्षणे आणि औषधे काय होती? उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण किती? पुन्हा कधी मोजायचे? शाळेच्या गुणपत्रिका जपून ठेवा आणि मानसशास्त्रज्ञांना दाखवा. या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कुठल्याही एका आकड्यावरून आपल्या माणसाचे शिक्षण किंवा काम थांबवू नका.