वावरात जुनं नाणं सापडलं? घासू नका, विकू नका. आधी हे वाचा

वर्धा : उन्हाळ्यात वखरणी होते आणि पहिल्या दोन-तीन सरींनंतर ढेकळं फुटली की मातीतून खापराचे तुकडे, मणी आणि कधी कधी हिरवट पडलेलं नाणंही वर येतं. जुन्या पांढरीच्या टेकाडाजवळ, पडक्या गढीच्या आसपास किंवा नदीकाठच्या वावरात हे जास्त घडतं. असं नाणं हाती आलं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. कोणी ते चिंच-राखेनं घासून चकचकीत करतं, तर कोणी सोनाराला धातूच्या भावात देऊन टाकतं. दोन्हींत नुकसान ठरलेलं. कारण अशा नाण्याचं खरं मोल त्याच्या धातूत कमी आणि त्यावरच्या ठशात व ते सापडलेल्या जागेत जास्त असतं.

ठोकून पाडलेलं नाणं म्हणजे काय?

आजची नाणी यंत्रावर निघतात. पूर्वी ती हातानं पाडत. धातूची ठरलेल्या वजनाची चकती करायची, ती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे पूर्ण मजकूर नाण्यावर उतरतच नसे. कधी अर्धं अक्षर कापलं जाई, कधी छाप एका बाजूला सरके. म्हणून वाकडंतिकडं नाणं खोटंच असेल असं नाही. उलट अगदी एकसारखी दोन नाणी दिसली तर शंका घ्यावी.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं एकसारखी, यंत्रावरची नाणी सुरू केली. त्यानंतर हाताची नाणी हळूहळू मागं पडली.

आपल्या भागात कोणती नाणी दिसू शकतात?

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. पण इथली वस्ती फार जुनी आहे. धाम नदीकाठच्या पवनारला नागपूर विद्यापीठानं १९६७ मध्ये उत्खनन केलं होतं. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं मत वा. वि. मिराशी यांनी मांडलं होतं. आर्वीकडून नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर लागतं. तेही असंच प्राचीन ठिकाण आहे.

विदर्भात जुनी नाणी पाहताना हे मुख्य प्रकार ध्यानात ठेवावेत :

• आहत नाणी : देशातली सगळ्यात जुनी. चांदीचे चौकोनी, लांबट किंवा गोलसर तुकडे. अक्षरं नाहीत. सूर्य, टेकडी, झाड अशी वेगवेगळी चिन्हं एकेक करून ठोकलेली. वजन साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत.

• सातवाहन नाणी : शिसं, तांबं किंवा पोटीन नावाच्या मिश्रधातूची. एका बाजूला बरेचदा हत्ती आणि भोवती ब्राह्मी अक्षरं.

• मोगलकालीन पैसे : तांब्याचे, जाड, फारसी अक्षरांचे. औरंगजेबाच्या काळात अचलपूरला टांकसाळ होती. तिच्या नाण्यांवर ‘एलिचपूर’ हे नाव येतं.

• भोसल्यांचे रुपये : चांदीचे, साधारण ११ ग्रॅमचे. यावर फारसी मजकूर आणि मोगल बादशहाचं नाव पाहून लोक ते ‘मोगलांचं’ समजतात. पण बादशहाच्या नावानं रुपया पाडायची तेव्हा रीतच होती. बादशहा गेल्यावरही त्याच्याच नावाचा ठसा बराच काळ चाले. नाणं नेमकं कुणाचं, हे टांकसाळीच्या खुणेवरून ठरतं.

• शिवराई : तांब्याचा पैसा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असल्या की तिला ‘दुदांडी’ म्हणतात. सगळ्याच शिवराया शिवाजी महाराजांच्या काळातल्या नाहीत. पुढं पेशवाईतही त्या पाडल्या गेल्या आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात चालल्या. ‘शिव’च्या जागी ‘सिव’ अशी अक्षरंही सापडतात.

एका हंड्यातून कळलेला इतिहास

आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या सुमारे १६०० नाण्यांचा साठा सापडला. मिराशींनी त्याचा अभ्यास केला. त्या नाण्यांवर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं निघाली. पुराणांतल्या राजांच्या यादीत ही नावं नव्हती. ती नाणी वितळवली गेली असती, तर ही नावंही त्यांच्याबरोबर गेली असती.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचा साठा तर १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा होता. सगळी नाणी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा वरून ठोकला होता. जुन्या राजाचा चेहरा खाली आणि नव्या राजाची खूण वर. गौतमीपुत्रानं नहपानाला हरवलं, याचा हा मोठा पुरावा आहे. पण हा हिशेब लागला तो नाणी एकत्र राहिली म्हणून. दहा जणांनी वाटून नेली असती तर काहीच कळलं नसतं.

घरच्या घरी काय पाहावं?

१. कड बघा. ठोकलेल्या नाण्याची कड साधी, कुठं फाटलेली असते. कडेला जोडाची रेघ किंवा अंगावर बारीक फुगे, खड्डे दिसले तर ते साच्यात ओतलेलं नकली नाणं असू शकतं.
२. सोनाराच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा.
३. सावलीतल्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा.
४. कुठं, किती खोल, कधी आणि कशाबरोबर सापडलं ते लिहा. भांडं किंवा खापर असेल तर तेही फेकू नका.
५. लिंबू, चिंच, राख, तारेची घासणी, भांड्याची पावडर यातलं काहीही लावू नका. तांब्यावरचा घट्ट हिरवट थर नाण्याचं रक्षण करतो. तो गेला की अक्षरंही जातात.

कायदा काय सांगतो?

जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर ती ‘निखात निधी’ ठरते. १८७८ चा कायदा आजही लागू आहे. सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय सापडलं, किती, कुठं आणि कधी. त्यानंतर जाहीर नोटीस निघते आणि दावेदारांना ४ ते ६ महिन्यांनंतरची तारीख मिळते.

निधी बेवारस ठरला आणि आधी काही करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. म्हणजे दुसऱ्याच्या वावरात मजुराला सापडलं तरी त्याचा हक्क बुडत नाही. सरकारला निधी ठेवायचा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. मात्र लपवलं तर वाटा जातो आणि १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

देव्हाऱ्यातली वाडवडिलांची शिवराई घरात ठेवणं हा गुन्हा नाही. पण १९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी नाणी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो.

‘लाखाला घेतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

मोबाईलवर ‘जुनं नाणं द्या, लाखो घ्या’ असे मेसेज फिरतात. आधी नोंदणी फी, मग कर, मग कमिशन असे पैसे उकळले जातात आणि शेवटी फोन बंद. आपलं नाव वापरून असे प्रकार चालल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. बँक असल्या व्यवहारात नसते आणि त्यासाठी कोणतीही फी घेत नाही.

हनुमान किंवा रामदरबाराचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं लिहिलेली नाणी कंपनीनं कधी काढलीच नव्हती. तांदूळ ओढणारं ‘राईस पुलर’ नाणं हीसुद्धा निव्वळ थाप आहे. या नादात लोकांनी शेतीचे पैसे घालवले आहेत.

नाणं ओळखता येत नसेल, तर फोटो आणि वजन घेऊन नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, विचारता येईल. १८६३ पासूनच्या या संग्रहालयात जुन्या नाण्यांचा संग्रह आहे. वावरात एकापेक्षा जास्त नाणी दिसली तर खोदत बसू नका. जागेवर खूण करा आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.